मोटार बोअरमध्ये सोडण्याआधी: कॉलम पाइपचे आटे आणि जोड कसे निवडावेत

आमच्या वावरातल्या स्टार्टरच्या खोलीत खिळ्याला पाइपचा एक वीतभर तुकडा टांगलेला आहे. सव्वा इंची जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी. एका टोकाला एक-दोन आटे दिसतात आणि तिथंच तो मोडलेला आहे. बाकीचे आटे खाली सॉकेटमध्येच, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्यात, राहिले. मोडलेली कड उजेडात धरली की दोन रंग दिसतात. बहुतेक घेर गंजून तांबूस-काळा झालेला, आणि एका बाजूला नखाच्या चंद्रकोरीएवढा भाग तेवढा चकचकीत. म्हणजे चीर कित्येक महिन्यांपासून पडलेली होती. गंज आत शिरत होता, आणि शेवटी त्या कोरीवर नऊ पाइप, मोटार आणि आतलं सगळं पाणी लटकत होतं. मे महिन्यात, आंबिया बहाराची फळं झाडावर असताना, ती कोर तुटली. सहा पाइप वर आले, बाकी सगळं तळाला. गळ टाकून ते काढायला तीन दिवस गेले आणि त्या तीन दिवसांत बागेनं जी फळं गाळली ती आईनं टोपल्यांनी उचलली.

त्याआधी मी अकरा वर्षं गुजरातेत मेहसाणा भागात तेलविहिरींवर होतो, रिगच्या फ्लोअरवर. तिथं पहिल्या महिन्यातच एक गोष्ट डोक्यात बसते: भोकात लटकवलेली पाइपांची माळ मधून क्वचित तुटते, ती जोडात तुटते नाहीतर जोडात गळते. म्हणून तिथं आधी जोड ठरतो आणि मग त्याला साजेसा पाइप येतो. आपल्याकडे वरूड-मोर्शीपासून वणीपर्यंत कुठंही जा, दुकानात पहिला प्रश्न "किती फूट पाइप पाहिजे?" हाच असतो. आट्यांचं कोणी विचारत नाही. पहिल्यांदाच बोअर मारून मोटार सोडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मोटार ज्या पाइपांच्या माळेला लटकते आणि ज्यातून पाणी वर येतं तो कॉलम पाइप. आटे म्हणजे ज्यांना आपले फिटर चुडी म्हणतात तेच.

१. दुकानात जाण्याआधी हे कागदावर घ्या

- बोअरवाल्याकडून चिठ्ठी: एकूण खोली, केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आत बसवलेला पाइप) किती फुटांपर्यंत, पाणी कितव्या फुटाला लागलं, भोकाचा व्यास. गाडी निघून गेल्यावर हे कोणी सांगत नाही, म्हणून पैसे देताना लिहून घ्या.
- उन्हाळ्यात पाण्याची पातळी कुठं जाते. नवीन बोअर असेल तर शेजारच्या वावरातल्या बोअरचं विचारा.
- पंपाच्या पाटीवरची माहिती: एचपी, हेड (पाणी किती उंच चढवतो), आणि डिलिव्हरीच्या तोंडाचे आटे किती इंची.
- पाण्याचा क्षार. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात असाल तर हे टाळू नका, जोडाचा अर्धा निर्णय यावरच होतो.
- घरी जुने पाइप असतील तर त्यांतला एक आटेवाला तुकडा सोबत न्या.

२. सगळ्यात वरच्या जोडावर किती वजन येतं ते काढा

समजा मोटार ३०० फुटांवर सोडायची आहे, म्हणजे साधारण ९१ मीटर. सव्वा इंची मध्यम जातीचा जीआय पाइप मीटरला ३.१ किलोच्या आसपास भरतो. पाइपांचंच वजन झालं २८० किलो. आतलं पाणी मीटरला एक किलो धरा, म्हणजे ९० किलो. मोटार-पंप आणि केबल मिळून आणखी ३०-४०. एकूण चार क्विंटल. हे चारही क्विंटल वरच्या पहिल्या सॉकेटमधल्या आठ-दहा आट्यांवर आहेत, रात्रंदिवस.

खालच्या जोडांची गोष्ट उलटी. तिथं वजन कमी पण पाण्याचा दाब जास्त. दर १० मीटर उंचीला सुमारे १ किलो दर चौरस सेंटिमीटर, म्हणजे ९१ मीटरला नऊच्या वर. पावसाळ्यात बोअरमधलं पाणी बाहेरून पाइपाला टेकू देतं. मे महिन्यात पातळी खाली गेली की तो टेकू जातो. खालचे जोड उन्हाळ्यातच गळायला लागतात ते यामुळे. म्हणून वरचा जोड ओढ सोसणारा पाहिजे आणि खालचा पाणी धरणारा. सगळ्या पाइपांना एकच जोड लावणार असाल तर त्याला दोन्ही जमलं पाहिजे.

३. आटे कापल्यावर पाइप किती उरतो?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

जीआय पाइपच्या जाती तीन. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे हलक्या जातीवर पिवळा पट्टा, मध्यमवर निळा, भारीवर लाल. सव्वा इंचीत हलक्याची जाडी २.६ मिलिमीटर, मध्यमची ३.२, भारीची ४. दुकानदार म्हणेल, "हलका आणि भारी यात दीडपटीचाच फरक, भाव मात्र बघा." जाडीचा हिशोब त्याचा बरोबर आहे. पण पाइप जिथं तुटतो ती जागा वेगळी.

या पाइपवर इंचाला ११ आटे असतात आणि एका आट्याची खोली जवळजवळ दीड मिलिमीटर. ती खोली पाइपच्या जाडीतूनच कापली जाते. आता वजा करा. हलक्या पाइपात आट्याच्या तळाशी उरतं १.१ मिलिमीटर. मध्यममध्ये १.७. भारीमध्ये २.५. म्हणजे अंगानं दीडपट असलेला पाइप जोडाच्या जागी दुपटीहून जास्त दमदार आहे. शिवाय जस्ताचा मुलामा आटे कापताना निघून जातो, त्यामुळे जिथं लोखंड सगळ्यात पातळ तिथंच ते उघडं. खिळ्यावरच्या तुकड्याचं तसंच झालं. बाकी सगळे पाइप निळ्या पट्ट्याचे होते. एक कमी पडला तेव्हा बाबांना जवळच्या दुकानातून पिवळ्या पट्ट्याचा मिळाला. माळ बरोबर त्याच पाइपात मोडली.

तेलविहिरीत यावर तोड काढलेली आहे. तिथल्या ट्यूबिंगची (ज्यातून तेल वर येतं त्या पाइपांची) टोकं आधी तापवून जाड करतात आणि मग त्या जाड भागावर आटे कापतात. असं केलं की जोड पाइपच्या अंगाइतकाच मजबूत होतो. टोक जाड न करता आटे कापलेली ट्यूबिंगही मिळते, पण तिचा जोड अंगापेक्षा कच्चा असतो आणि वजनाचा हिशोब त्या जोडावरूनच करतात. आपल्या जीआय पाइपची टोकं जाड केलेली नसतात. म्हणून आपण हिशोब नेहमी आट्याच्या तळाचा करायचा.

माझं मत: २०० फुटांच्या खाली जीआय सोडायचा असेल तर लाल पट्टाच घ्या. ते परवडत नसेल तर निदान वरच्या एक-तृतीयांश पाइपांना लाल आणि खाली निळा. पिवळा पट्टा कॉलमसाठी नकोच, फुकट मिळाला तरी.

४. जीआय, यूपीव्हीसी की एचडीपीई?

*जीआय:* उचल-सोड सोसतो, उन्हाला घाबरत नाही, आटे खराब झाले तर डाय लावून पुन्हा कापता येतात. पण जड, आणि खाऱ्या पाण्यात गंज आधी आटेच खातो. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात मी कोणालाच जीआय सुचवत नाही.

*यूपीव्हीसी कॉलम पाइप:* कडक प्लास्टिकचा. साधारण दहा-दहा फुटांचे नग, आटे जाड चौकोनी घडणीचे, आत रबरी रिंग. आटे वजन पेलतात आणि पाणी रिंग धरते. ही कामाची वाटणी मला फार पटते, कारण गॅसच्या विहिरींमध्येही तेच करतात. साध्या गोल आट्यांच्या जोडात आट्याचं टोक आणि समोरच्या आट्याचा तळ यांच्यात एक बारीक वळणावळणाची वाट उरते. तेल दाट, ते त्या वाटेत भरलेल्या ग्रीसला अडतं. गॅस कालांतरानं वाट काढतोच. म्हणून गॅससाठी आट्यांच्या पुढं धातूला धातू घट्ट टेकणारी वेगळी बैठक ठेवलेले महागडे जोड वापरतात. ओढ आट्यांवर, गळती बैठकीवर.

यूपीव्हीसी गंजत नाही, वजनाला जीआयपेक्षा पुष्कळ हलका. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ऊन. प्लास्टिक पाइपांची ताकद २७ अंश तापमानाला धरून सांगितलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. बोअरच्या आत गारवा असतो, तिथं काळजी नाही. पण ट्रॉलीत, बांधावर, टिनाखाली पडलेला पाइप वाकतो आणि वाकलेल्या पाइपाचे आटे सरळ बसत नाहीत. सावलीत, सपाट जागी, खाली ओळीनं लाकडं टाकून ठेवा. दुसरी अडचण नावांची. मीडियम, स्टँडर्ड, हेवी, सुपर हेवी ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मापानं लावते. एकाचा हेवी दुसऱ्याच्या स्टँडर्डएवढा असू शकतो. नाव सोडा, तक्त्यात दोनच आकडे शोधा: जास्तीत जास्त किती वजन लटकवता येईल आणि किती दाब चालेल. ते मुद्दा २ मधल्या आकड्यांशी ताडून बघा. दुकानात तक्ता नसेल तर दुसरं दुकान बघा.

*एचडीपीई:* लवचिक प्लास्टिकचा, गुंडाळीत येतो, मध्ये जोडच नाही. उथळ बोअर, छोटी मोटार आणि वारंवार वर काढायची गरज असेल तर हा चांगला. वजनानं ताणतो, म्हणून केबलला ढील ठेवा आणि दोर पक्का बांधा.

५. दुकानातच जोड लावून बघा

पाइप ट्रॉलीत चढण्याआधी हे करा. दुकानदार घाई करील, करू द्या.

जीआय असेल तर सॉकेट हातानं फिरवा. चार-पाच फेरे मोकळे गेले पाहिजेत आणि मग हळूहळू आवळत थांबलं पाहिजे. पुढचे दोन-अडीच फेरे पान्यासाठी राखलेले असतात. दोनच फेऱ्यांत अडकलं तर आटे मापात नाहीत. शेवटपर्यंत डगडगत गेलं तर जास्त कापलेत. दोन्ही परत करा.

सगळ्यात फसवा सापळा मापाच्या जातीचा. आपल्याकडचे पाइप बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे: सव्वा इंचीत इंचाला ११ आटे आणि आट्याचा कोन ५५ अंश. काही आयात केलेल्या पंपांचं किंवा व्हॉल्व्हचं तोंड एनपीटी (अमेरिकन मापाचं) असतं: इंचाला साडेअकरा आटे, कोन ६० अंश. अर्ध्या आट्याचा फरक डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन फेरे जातात, मग घट्ट होतं, आणि फिटर म्हणतो, "काई होत नाई भाऊ, बसते." बसलेलं नसतं. आटे एकमेकांवर चढून अडकलेले असतात आणि अख्खं वजन दोन आट्यांच्या धारेवर असतं. पिच गेज नावाचं पानांचं छोटं माप हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते आट्यांवर टेकवा, फटीतून उजेड दिसला तर माप चुकलं.

यूपीव्हीसीत सापळा वेगळा. चौकोनी आट्यांची घडण कंपनीगणिक निराळी आहे. एका कंपनीचा पाइप दुसऱ्याच्या सॉकेटात फिरेलही, पण रिंग दाबली जाणार नाही. सगळे पाइप एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घ्या आणि दोन नग जास्तीचे आणून ठेवा. चार वर्षांनी एक फुटला तर तोच नमुना मिळेल याची खात्री नसते. खालचा आणि वरचा अडॅप्टरही त्याच कंपनीचा. पंपाकडची बाजू बीएसपी असते, तिचं माप पंपाच्या पाटीशी जुळवा. खाऱ्या पाण्यात अडॅप्टर स्टेनलेसचाच हवा. आख्खी प्लास्टिकची माळ एका गंजलेल्या जीआय अडॅप्टरवरून सुटलेली मी पाहिली आहे.

६. आट्यांत काय भरायचं

जीआयला सुताचे दोन-तीन वेढे आणि पाइप कंपाउंड, किंवा टेफ्लॉन टेप. वेढे आट्यांच्या दिशेनंच. जास्त सूत भरू नका. सूत भरलं की जोड लवकर घट्ट लागतो, आपल्याला वाटतं बसला, आणि आटे अर्धेच शिरलेले असतात. म्हणून घट्टपणावर जाऊ नका, फेरे मोजा. रिगवरही आम्ही नुसता जोर बघत नसू, किती फेऱ्यांत किती जोर आला ते बघत असू.

पिण्याच्या पाण्याच्या बोअरला जुना सफेदा वापरू नका, त्यात शिसं असू शकतं. तेलविहिरीवरच्या आट्यांच्या ग्रीसमध्ये तर शिशाची, जस्ताची आणि तांब्याची पूड मिसळलेली असते. रिगवर काम करणारा कोणी नातेवाईक डबा आणून देईल. तो प्रेमानंच देईल, पण पाण्यात घालू नका.

यूपीव्हीसीला सूत नाही, टेप नाही, ग्रीस नाही. फक्त रिंगेला साबणाचं पाणी. डिझेल किंवा काळं ऑइल लावलं तर रबर फुगून खराब होतं. स्टेनलेसवर स्टेनलेस फिरवताना मात्र सावकाश फिरवा आणि पिण्याच्या पाण्याला चालणारं ग्रीस लावा. कोरडं आणि वेगानं फिरवलं तर दोन्ही धातू एकमेकांना चिकटतात आणि मग कापूनच काढावे लागतात.

७. सोडताना

लागणारं सामान: तिपाई आणि चेन पुली, दोन क्लॅम्प, जीआयला दोन पाइप पाने, यूपीव्हीसीला पट्ट्याचा पाना, तारेचा ब्रश, स्वच्छ फडकं, नायलॉनचा दोर, केबल बांधायच्या पट्ट्या, खडू आणि वही.

आट्यांवरची प्लास्टिकची टोपी पाइप उभा केल्यावर, अगदी शेवटी काढा. आमच्या काळ्या मातीचा एक कण आट्यात गेला तरी तो जोडात दळला जातो. ब्रशनं झाडा, फडक्यानं पुसा, बोट फिरवून बघा. बोटाला टोचलं तर तो पाइप बाजूला ठेवा.

मग पाइप अगदी उभा धरा. तिरपा धरून फिरवलेला जोड चढतो आणि पुढं तोच गळतो. आधी एक फेरा उलटा फिरवा, आटा आट्यात पडल्याचा बारीक टक आवाज येतो, मग सुलटा फिरवा. पहिले फेरे हातानं, पाना नंतर. यूपीव्हीसीवर दातांचा पाना लावू नका, दातांच्या ओरखड्यातूनच पुढं चीर निघते.

एक क्लॅम्प कायम खालच्या पाइपच्या सॉकेटखाली असला पाहिजे, दुसरा लावून पक्का झाल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. दोर मोटारच्या डोक्यावरच्या कडीला बांधा, पाइपला नाही. केबलनं मोटार उचलायची नाही, धरायचीही नाही. बोअरच्या तोंडावर फडकं टाकून ठेवा. पाना आत पडला की मोटार अडकते.

८. केसिंगच्या आट्यांबद्दल थोडक्यात

यूपीव्हीसी केसिंगवर आयएस १२८१८ लिहिलेलं बघा. त्यात सीएस जात ८० मीटरपर्यंत, सीएम २५० पर्यंत, सीडी त्याहून खोल. आपल्या काळ्या पाषाणात केसिंग फक्त वरच्या मातीला आणि मुरमाला लागतं. ते पक्क्या दगडात टेकलं पाहिजे. काळी माती पावसाळ्यात फुगून बाजूनं दाबते, म्हणून पातळ केसिंग जोडाशी चेपतं. दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लागला तर बोअरवाल्याला तो कितव्या फुटाला आला ते विचारा, तो ढासळतो. पूर्णेच्या गाळाच्या भागात मात्र केसिंग तळापर्यंत जातं आणि त्याच्या जोडांना कॉलम पाइपइतकंच जपावं लागतं.

९. मोटार सुरू केल्यावर

पहिल्या दिवशी तासभर चालवून बंद करा आणि वरच्या पाइपला कान लावा. आतून पाणी झिरपत खाली जात असेल तर सळसळ ऐकू येते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. पाणी लगेच वर आलं तर जोड आणि पंपावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागं न फिरू देणारा) दोन्ही ठीक. वेळ लागला तर कुठंतरी गळतंय.

ऑटो स्टार्टर असेल तर त्याला दोन-तीन मिनिटांचा उशीर लावून घ्या. आपल्याकडे वीज येते-जाते-येते. व्हॉल्व्ह गळका असेल तर वरचं पाणी मागं फिरून पंपाला उलटं फिरवतं आणि त्याच क्षणी वीज आली की सगळ्या जोडांना पीळ बसतो. हा झटका एखाद्या वेळी काही करत नाही, दिवसातून दहा वेळा बसला तर चांगला आवळलेला जोडही ढिला होतो.

आणि यादी ठेवा. रिगवर विहिरीत गेलेला प्रत्येक पाइप क्रमानं, लांबीसकट लिहिलेला असतो. आमच्या स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून मी तसाच कागद चिकटवला आहे: तारीख, पाइप क्रमांक १ ते १५, प्रत्येकाचा पट्टा, मोटार किती फुटांवर, दोर कोणत्या जाडीचा. सहाव्या पाइपसमोर आता "लाल" लिहिलेलं आहे.